पुतळी नर्सबाई

नवऱ्याचा, मोतीरामचा, पाय होडीखाली सापडला नसता, तर पुतळीने जन्मभर सुके बोंबीलच विकले असते, आणि तेही मजेत विकले असते. त्या धंद्यात तिला काही कमी वाटत नव्हतं. डहाणूच्या किनाऱ्यावर वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर, बोंबील वाळत घालायचे, वाळले की पाटी भरायची, तलासरीच्या बाजाराला जाणाऱ्या बसच्या टपावर पाटी चढवायची आणि बाजारात जागा धरून बसायचं. मग असा आवाज द्यायचा की शेजारची मिरच्यांवाली दचकून मापच विसरायची. पुतळीचा आवाज साऱ्या मांगेलवाड्यात, मच्छीमारांच्या त्या वस्तीत, प्रसिद्ध होता. तिची सासू सोनूबाई म्हणायची, "हिने हाक मारली की खाडीपलीकडची कोंबडी वेळेआधी अंडं घालते."

एका सकाळी होडी वाळूवर ओढून घेताना खालचा ओंडका सटकला आणि होडी मोतीरामच्या नडगीवर बसली. चौघांनी मिळून ती उचलली, बैलगाडीत गवत पसरलं आणि त्याला गावाबाहेरच्या ट्रस्टच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी हाड बसवलं, पाय प्लॅस्टरमध्ये घालून वर टांगला आणि सांगितलं, "आता हलायचं नाही. बराच मुक्काम आहे."

नवऱ्याजवळ राहायला पुतळी इस्पितळात आली. पहिले काही दिवस ती खाटेखाली चटई टाकून नुसती बसून असायची. मोतीराम झोपला की डोळे पुसायची, जागा झाला की त्याच्यावर खेकसायची. पण नुसतं बसून राहण्याची तिला सवय कुठली? हळूहळू ती आजूबाजूला बघायला लागली.

वॉर्डात राज्य होतं ते मेट्रन आनंदीबाईंचं. बाई ठेंगण्या, पांढऱ्या साडीला एवढी खळ की त्या चालल्या की कागद फाटल्यासारखा आवाज यायचा. मोतीरामच्या पलीकडच्या खाटेवर डोंगराकडचा एक म्हातारा शेतकरी होता. पडून पडून त्याच्या पाठीला जखमा झाल्या होत्या आणि तो दिवसभर कण्हायचा. एका दुपारी आनंदीबाईंना हाताखाली कोणी मिळेना. त्यांनी पुतळीकडे बोट केलं.

"तू. इकडे ये. हात धुऊन ये आधी. साबणाने."

पुतळीने हात धुतले. बाईंनी पुन्हा धुवायला लावले. मग दोघींनी म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं. त्याचा भार कुठे घ्यायचा, खांदा आणि कंबर एकदम कशी फिरवायची, चादरीची एकही सुरकुती पाठीखाली कशी राहू द्यायची नाही, हे बाई सांगत गेल्या आणि पुतळी करत गेली. जखमा धुऊन औषध लावलं, दोन पायांच्या मध्ये उशी दिली. म्हाताऱ्याने एक लांब श्वास सोडला आणि तो घोरायलाच लागला.

पुतळी त्या घोरण्याकडे बघत उभी राहिली. तिला इतका आनंद झाला की तिचा तिलाच अचंबा वाटला. पाटी रिकामी करून घरी जातानाही बरं वाटायचं, पण ते असं नव्हतं.

त्यानंतर तिला बोलवावं लागलं नाही. ती पहाटेच उठून बाईंच्या मागे मागे फिरायची. एक दिवस चादरीचे कोपरे मुडपताना आनंदीबाईंनी सहज विचारलं, "शिकलीस किती?"

"चौथी. पुढची शाळा लांब होती."

"वय?"

"तिशी उलटली असेल की."

"नर्स-सुईणीच्या वर्गाला सातवी लागते. बोर्डीला मोठ्या बायकांसाठी वर्ग काढलाय, तिथे बस आणि सातवी पास हो. मग माझ्याकडे ये."

बाई बोलून पुढच्या खाटेकडे गेल्यासुद्धा. पुतळी मात्र चादरीचा कोपरा हातात धरून तशीच उभी राहिली.

मोतीरामला घरी न्यायच्या दिवशी, बैलगाडीत, तिने त्याला सांगितलं. मोतीराम मोठा शांत माणूस. वादळातही तो सुकाणूवर बसून तंबाखू मळतो असं लोक सांगत. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"माझी काय हरकत नाय," तो म्हणाला. "पण आयला तू सांग. मला भीती वाटते."

सोनूबाई जवळा निवडत बसली होती. सुनेचं बोलणं ऐकून तिने सूप बाजूला ठेवलं.

"नर्स? म्हणजे परक्यांची घाणीची भांडी उचलायची? आणि आपली पाटी कोण उचलणार? तुझी ती बाई?"

"आय, सातवी पास व्हायलाच मला वर्ष जाईल. तोवर सकाळचा बाजार मी करीन."

"आणि मग?"

सोनूबाई उठली, कोपऱ्यातली स्वतःची जुनी चुंबळ झटकली आणि डोक्यावर ठेवून बघितली. "मग काय, म्हातारीनेच उचलायची," असं म्हणून ती पुन्हा जवळा निवडायला बसली. नको जाऊस, असं मात्र म्हणाली नाही.

बोर्डीचा वर्ग दुपारचा असायचा. पुतळी बाजार आटोपून, आंघोळ करून, बस पकडून धावतपळत पोचायची. तरी अंगाला माशाचा वास राहायचाच. बागायतदारांच्या घरातल्या दोन बायका आधी जरा लांब सरकून बसल्या, पण नंतर त्याच तिच्याकडे सुक्या सोड्यांची फर्माईश करायला लागल्या. शिकवायला काशीनाथ मास्तर होते, निवृत्त झालेले आणि कानाने जरा मंद. पुतळी धडा वाचायची तेव्हा तेवढं त्यांना नीट ऐकू यायचं, म्हणून ते खूश असायचे. रस्त्यावरचे लोक मात्र खिडकीशी थांबायचे. त्यांना वाटायचं, आत काहीतरी विकायला आलंय.

पहिल्या वर्षी पुतळी गणितात नापास झाली. बातमी घेऊन ती घरी आली तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. मोतीराम तेव्हा लंगडत लंगडत वलांडीवर बोंबील टाकत होता. बायकोचं काम करतो म्हणून वाड्यातले लोक त्याला चिडवायचे, तो त्यांनाही बोंबील टाकायला लावायचा.

"नापास म्हणजे किती नापास?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय? नापास."

"मग पुढच्या वर्षी पास. पहिल्याच खेपेला जाळं भरून आलंय का कोणाचं?"

पुढच्या वर्षी ती पास झाली. महाराष्ट्र राज्य झालं त्याच सुमारास निळ्या काठाची पांढरी साडी नेसून पुतळी इस्पितळाच्या वर्गात दाखल झाली. बरोबरच्या मुली अठरा-वीस वर्षांच्या, तिला 'पुतळीमावशी' म्हणणाऱ्या. राहायचं तिथेच, सुट्टी मिळेल तेव्हा घरी. इकडे सोनूबाईने खरोखरच पाटी उचलली. या वयात सासू तलासरीच्या बसला लटकते, ही गोष्ट पुतळीला बोचत राहायची. सुट्टीत ती घरी गेली की सोनूबाई मुद्दाम कंबर धरून उठायची आणि पुतळीचा जीव अर्धा व्हायचा.

वर्गात पुतळीची पहिली लढाई झाली ती आवाजाशी. वॉर्डाच्या या टोकावरून तिने त्या टोकाच्या रोग्याला "काका, औषध घेतलं का?" असं विचारलं की चारी भिंतींकडचे रोगी एकदम "घेतलं!" म्हणून उत्तर द्यायचे, न घेतलेलेसुद्धा. आनंदीबाईंनी तिला सांगून टाकलं, "खाटेपासून हातभर अंतरावर गेल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." चालून चालून पुतळीच्या पायांचे तुकडे पडले, पण आवाज उतरला.

दुसरी लढाई मात्र तिला जिंकता येईना. ती सुईची.

इंजेक्शन द्यायला मुली आधी फळावर शिकायच्या, आणि डहाणूत चिकूंना काय तोटा! उकळलेली काचेची पिचकारी, तिच्यात साधं पाणी. पुतळीचा हात चिकूवर असा चालायचा की बाई बाकीच्या मुलींना म्हणायच्या, "हिचं बघा." पण खऱ्या माणसाची पाळी आली तेव्हा समोर एक तरुण शिक्षक होता, तापाने आलेला. त्याने दंड पुढे केला. पुतळीने स्पिरिटचा बोळा फिरवला तशी त्याची कातडी थरथरली. ते बघून पुतळीने पिचकारी परत ट्रेमध्ये ठेवली. ती त्याच्याच खाटेवर बसली आणि त्या बिचाऱ्या शिक्षकाने उठून तिला पाणी दिलं.

"अगं, मासे कापत होतीस ना तू?" आनंदीबाईंनी नंतर विचारलं.

"मासा मेलेला असतो, बाई. त्याला दुखत नाही."

बाईंनी वापरलेल्या सुयांचा ट्रे तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "रडून झालं असेल तर सुया उकळायला घे."

त्यानंतरही तेच. सुई वर उचलायची आणि शेवटी ती शेजारच्या मुलीच्या हातात द्यायची. बाकी सगळ्यात पुतळी पुढे होती. बाळंतिणी तिच्याशिवाय कोणाला जवळ येऊ देत नसत. पण दोन वर्षं संपत आली, शेवटची परीक्षा तोंडावर आली, आणि इंजेक्शन दिल्याशिवाय त्या परीक्षेत कोणी पास करणार नव्हतं. एक दिवस पुतळीने मनाशी ठरवलं की पुरे झालं. तिने दोन लुगडी गाठोड्यात बांधली आणि आनंदीबाईंना सांगायला ती बाह्यरुग्ण विभागाकडे निघाली.

दारातच तिला मोतीराम दिसला. त्याच्या मागे सोनूबाई, उजवा हात पदरात गुंडाळलेला.

"आय, काय झालं?"

"काय नाय. शिंगाळा माशाचा काटा लागला," सोनूबाई म्हणाली. "हळद लावलीय. हाच उगाच घेऊन आला."

पदर काढला तर हात कोपरापर्यंत सुजून टम्म झालेला. पुतळीने तिला धरून आत नेलं. डॉक्टरांनी जखम उघडून पू काढला, धुऊन पट्टी बांधली. या सगळ्यात सोनूबाईने हूं की चूं केलं नाही. मग आनंदीबाईंनी दुसऱ्या हातावर पेनिसिलिनची चाचणी घेतली, थोडा वेळ थांबून हात तपासला आणि डॉक्टर म्हणाले, "आता आजी, कमरेवर एक सुई घ्यायची."

"कमरेवर?" सोनूबाई ताठ बसली. "डाक्टर, तुझ्या आईच्या वयाची हाय मी!"

डॉक्टर नवीनच होता. तो लाल झाला आणि दुसरा रोगी बघायला निघून गेला.

"मी देते," आनंदीबाई पुढे झाल्या.

"तू कोण? हातावर टोचलंस ते ठीक, कमरेवर टोचायला माझ्या घरातली हायेस?"

"आजी, मी बाईच आहे."

"असशील. मी नाय ओळखत तुला. माझी सून देईल टोचून, नायतर मी चालले घरी."

पुतळी पडद्याला टेकून उभी होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि पिचकारीचा ट्रे तिच्या पुढ्यात धरला.

"आय," पुतळीच्या तोंडून कसंबसं बाहेर पडलं, "मला ते जमत नाय. मी घरीच यायला निघाले होते. गाठोडं बांधलंय."

सोनूबाईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. हात ठणकत होता तरी तिचे डोळे लखलखले.

"जमत नाय? मग मी दोन वरसं डोक्यावर पाटी कशाला वाहिली गो? अख्ख्या तलासरीच्या बाजाराला सांगितलंय मी, माझी सून सुया टोचते, डाक्टरीण हाय निम्मी. आता तिथे जाऊन काय सांगू? चिकूला टोचते म्हणू?"

चिकूची गोष्ट मोतीरामनेच घरी सांगितली असणार. तो पडद्याबाहेर उभा राहून छताकडे बघत होता.

"दुखेल, आय."

"दुखू दे. आजवर मी काय कमी ताप दिलाय तुला? आज तू दे थोडा मला." आणि सोनूबाई खुशाल टेबलावर पालथी झाली.

पुतळीला हसू फुटलं. हसता हसताच तिने हात धुतले, पिचकारी भरली, हवा काढली, जागा मोजली, बोळा फिरवला. कातडी थरथरली. पुतळीने दुसऱ्या हाताने ती घट्ट धरली, म्हणाली, "आय, श्वास सोडा," आणि सुई आत गेली. हात हलला नाही. ती सावकाश औषध सोडत राहिली, मग सुई काढून बोळ्याने दाबलं आणि चोळायला लागली.

"अगो, टोच की लवकर," सोनूबाई उशीत तोंड खुपसून म्हणाली. "किती वेळ चोळतेस?"

"झालं, आय."

"झालं?"

"कधीच झालं."

सोनूबाईने उठून लुगडं सारखं केलं आणि आनंदीबाईंकडे बघितलं. "एवढ्याचसाठी रडत होती ही?"

आनंदीबाईंच्या साडीचा कागदी आवाज झाला. पुतळीच्या लक्षात आलं की बाई हसतायत, पाठ फिरवून.

हात बरा होईपर्यंत सोनूबाई रोज इंजेक्शनला यायची आणि सुनेच्याच हातून घ्यायची. ती गरजेपेक्षा बरीच लवकर यायची आणि बाकावरच्या प्रत्येक रोग्याला आपली सून कोणती ते दाखवायची. गाठोड्यातली लुगडी पुतळीने त्याच दिवशी परत पेटीत ठेवली होती. परीक्षेत ती पास झाली.

आणि नेमणूक मिळाली ती तलासरीकडच्या एका पाड्याजवळ, दोन खोल्यांच्या सरकारी केंद्रात. मोतीरामने होडीतला आपला वाटा भावाला दिला. पाय पूर्वीसारखा राहिला नव्हता, समुद्रावर फार वेळ उभं राहवत नव्हतं. तो आईला घेऊन तिथेच राहायला आला आणि केंद्रामागे भाजीचे वाफे करायला लागला.

पुतळीला वाटलं होतं, इथले लोक आपल्याला ओळखतात, काम सोपं जाईल. ओळखत होते हीच तर अडचण होती. पहिल्या दिवशी लाहू नावाचा एक तरुण वारली शेतकरी तापाने फणफणत आला, केंद्राच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "बाय, आज बोंबील नाय आणले?"

"अरे, मी आता नर्स आहे. जीभ दाखव."

त्याने जीभ दाखवली. तिने ताप बघितला आणि मलेरियाच्या गोळ्या मोजून हातावर ठेवल्या. लाहूने त्या बघितल्या आणि हात तसाच पुढे ठेवला.

"वर एक टाक की."

"वर टाकायला ते बोंबील आहेत का?"

"रोजच्या गिऱ्हाइकाला वर टाकायचीस तू."

असं प्रत्येकाचं. कोणाला दोन सुयांऐवजी एकच हवी, पण मोठी. कोणी खोकल्याचं औषध हुंगून बघायचं आणि ताजं आहे का विचारायचं. पुतळी घासाघीस करण्यात मुरलेली होती. ती म्हणायची, "गोळ्या एवढ्याच. पण सगळ्या खाऊन बरा होऊन आलास, तर मागच्या वाफ्यातली वांगी देईन." मोतीरामची बरीच वांगी त्यात गेली. पण लोक गोळ्या पुऱ्या करायला लागले.

बाळंतपणाला मात्र कोणी तिला बोलावत नव्हतं. त्या भागातली सगळी बाळंतपणं धाकली करायची. नावाची धाकली, वयाने सत्तरीला टेकलेली सुईण. अर्धा पाडा तिच्या हातावर जन्मलेला. ती पुतळीला बोंबीलवाली म्हणायची आणि त्यापलीकडे काही म्हणायला तयार नव्हती.

काळी नावाची लाहूची बायको अडली तेव्हा लाहू सकाळी धावत आला. पुतळी पेटी घेऊन त्याच्या झोपडीशी पोचली. धाकली दारातच उभी.

"आत मी हाय," ती म्हणाली. "तू बस बाहेर."

पुतळी वाद न घालता अंगणात बसली. तिने तीन दगड मांडून पाणी उकळायला ठेवलं, त्यात आपली कात्री आणि दोरा टाकला. धाकली अधूनमधून बाहेर डोकावत होती.

"पाणी कशाला?"

"कात्री उकळतेय. नाळ कापायला. धनुर्वात होत नाही पोराला."

धाकली नाक मुरडून आत गेली. पण थोड्या वेळाने आतून बाळाचं रडणं आलं आणि पाठोपाठ तिचा हात दाराबाहेर आला. "दे ती."

पुतळीने कात्री आणि दोरा स्वच्छ फडक्यात धरून दिला. ऊन अंगणात चांगलंच चढलं होतं. लाहूला मुलगी झाली होती आणि तो हसत होता. तेवढ्यात धाकली पुन्हा दारात आली. या वेळी तिचा चेहरा उतरला होता.

"बोंबीलवाले, आत ये. रगत थांबत नाय."

पुतळी आत गेली. वार पडली होती, पण काळी पांढरीफटक पडली होती आणि खालचं फडकं भिजून चाललं होतं. पुतळीने वार पुरी आली आहे का बघितलं, मग काळीच्या ओटीपोटावर हात ठेवून जोराने गोल गोल चोळायला सुरुवात केली. आतली गर्भाची पिशवी मऊ लागत होती.

"धाकलीबाय, इथे हात ठेवा. असंच चोळा. थांबू नका."

धाकलीचा हात तिच्या हाताच्या जागी आला. म्हाताऱ्या हातात केवढी ताकद होती! पुतळीने पिचकारी काढली, औषध भरलं आणि काळीच्या मांडीत सुई दिली. "काळी, माझ्याकडे बघ. पोरीला छातीशी घे. पाजायला लाव." तिने बाळाला आईजवळ दिलं.

दोघी काळीच्या दोन बाजूंना बसून राहिल्या. हळूहळू धाकलीच्या तळव्याखालची पिशवी आवळून कठीण झाली. तिने ती चाचपून बघितली, पुन्हा चाचपली.

"चेंडूवानी झाली," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"झाली. आता थांबेल."

रक्त थांबलं. दुपारी काळीने पेज मागितली, तेव्हा धाकलीने अंगणात बसून विडी पेटवली आणि पुतळीलाही पुढे केली. पुतळीने नको म्हटलं, पण ती तिच्याशेजारी बसली.

"माझ्या हातून अशा दोघी गेल्या," धाकली म्हणाली. "लय वर्सं झाली. मला वाटायचं भूत लागलं."

पुतळीने तिचा हात हातात घेतला. "तुमच्या हातानेच आज थांबलं ते. मी एकटीने सुई देऊ का चोळू?"

धाकलीने विडी विझवली आणि ती घरी निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडलं तेव्हा ती पायरीवर बसलेली होती.

"कात्री किती उकळायची?" तिने विचारलं.

मग ती रोज यायला लागली. सोनूबाईची आणि तिची गट्टी जमली. दोघी मिळून आलेल्या बायकांना दटावायच्या, साबणाने हात धुवायला लावायच्या. काही महिन्यांनी सरकारतर्फे गावच्या सुईणींचा वर्ग निघाला. शिकून जाणाऱ्या प्रत्येकीला कात्री, दोरा, वाटी आणि साबण असलेली अल्युमिनियमची पेटी मिळणार होती. पुतळीने धाकलीचं नाव दिलं आणि तिला स्वतः घेऊन गेली.

वर्गात नाव लिहून घेणारे डॉक्टर तरुण होते. त्यांनी धाकलीकडे वर बघितलं, खाली बघितलं.

"आजी, वय काय लिहू?"

"तुला पटंल तेवढं लिही," धाकली पहिल्या बाकावर मांडी घालून बसत म्हणाली. "पेटी कधी देणार ते बोल."